‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ पुन्हा पुन्हा का पुसली जाते, आणि लिनक्सवर नावावरून पत्ता नेमका कोण शोधतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलमध्ये नेमसर्व्हरचा (नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता हाताने लिहिला, तो चालला, पण मशीन रीस्टार्ट केल्यावर ती ओळ नाहीशी झाली. ‘डिग’ ही कमांड कार्यालयातील सर्व्हरचा पत्ता बिनचूक सांगते आणि त्याच क्षणी ब्राउझर व ‘एसएसएच’ (दूरच्या मशीनवर लॉगइन करण्याची कमांड) मात्र असे नावच अस्तित्वात नसल्याचे सांगतात. व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी खासगी जोडणी) जोडल्यावर कधी आतली नावे सापडतात तर कधी बाहेरची हरवतात. इतकी साधी गोष्ट एवढी किचकट का, आणि ती नीट लावायची कशी?

या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. लिनक्समध्ये नावावरून पत्ता शोधण्याची जबाबदारी कोणत्याही एका घटकाकडे नाही. कर्नलला जोडणी करण्यासाठी आयपी पत्ता लागतो, नावाशी त्याला देणेघेणे नसते. नावाचा पत्ता शोधण्याचे काम प्रत्येक प्रोग्राम आपल्याच प्रोसेसमध्ये, बहुधा सी लायब्ररीच्या मदतीने, उरकून घेतो. ती लायब्ररी दोन-तीन फाइली वाचते. त्या फाइली दुसराच एखादा प्रोग्राम लिहितो. त्या प्रोग्रामला माहिती डीएचसीपीकडून (नेटवर्कशी जोडताच मशीनला पत्ता व नेमसर्व्हर कळवणाऱ्या व्यवस्थेकडून) किंवा व्हीपीएनकडून मिळते. आणि अलीकडच्या अनेक डिस्ट्रिब्युशनांत या साखळीच्या मधोमध आणखी एक स्थानिक सेवा बसलेली असते. त्यामुळे नेमसर्व्हर कुठे बदलायचा, हे विचारण्याआधी या मशीनवर तो ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे शोधावे लागते. माझ्या अनुभवात या विषयावरचे बहुतेक वाया गेलेले तास दुसरा प्रश्न न विचारता पहिल्याचे उत्तर शोधण्यात गेलेले असतात.

ही रचना अशी का झाली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सुरुवातीच्या नेटवर्कवर सर्व मशीनांची नावे एकाच मजकूर फाइलमध्ये ठेवलेली असत आणि प्रत्येक जण ती उतरवून घेत असे. आजची ‘/ईटीसी/होस्ट्स’ ही त्याच पद्धतीची वारस आहे. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावांचे पत्ते अनेक सर्व्हरांना विचारून शोधण्याच्या व्यवस्थेचा, आराखडा मांडला आणि १९८७ मध्ये आरएफसी १०३४ व १०३५ या दस्तऐवजांनी त्याला आजचे स्वरूप दिले. युनिक्सवर डीएनएस आले ते बर्कलीच्या ‘बाइंड’ या सॉफ्टवेअरमधून, आणि ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही त्याच घराण्यातील फाइल आहे. ती ज्या काळात घडली त्या काळातील मशीन एकाच जागी, एकाच नेटवर्कवर वर्षानुवर्षे उभे असे, आणि फाइल लिहिणारा प्रशासक हा माणूस होता. म्हणूनच त्या फाइलच्या व्याकरणात इंटरफेस ही कल्पनाच नाही. ‘हा नेमसर्व्हर फक्त वायफायसाठी, तो फक्त व्हीपीएनसाठी’ किंवा ‘अमुक डोमेनची नावे अमुक सर्व्हरला विचारा’ हे त्या फाइलमध्ये सांगताच येत नाही. दिवसातून चार नेटवर्क बदलणाऱ्या लॅपटॉपला ती फाइल पुरी पडत नाही, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या काळात जे उपाय केले, ते सगळेच आज एकमेकांवर थर देऊन उभे आहेत.

आता एखादा सामान्य प्रोग्राम नाव कसे शोधतो ते पाहू. तो ‘गेटॲड्रइन्फो’ हे फंक्शन बोलावतो. बहुतेक डिस्ट्रिब्युशनांत हे फंक्शन ‘जीलिबसी’ या लायब्ररीत असते. जीलिबसी थेट डीएनएसकडे जात नाही. ती आधी ‘/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’ उघडते आणि त्यातील ‘होस्ट्स’ने सुरू होणारी ओळ वाचते. ही व्यवस्था सोलारिसमधून आलेली आहे, आणि नावे कोणकोणत्या स्रोतांतून, कोणत्या क्रमाने शोधायची हे ती ठरवते. त्या ओळीत साधारणपणे ‘फाइल्स’ (म्हणजे ‘होस्ट्स’ फाइल), मग ‘एमडीएनएस४_मिनिमल’ (स्थानिक नेटवर्कवरील सर्व मशीनांना एकदम विचारणारे मल्टिकास्ट डीएनएस), मग ‘रिझॉल्व्ह’ किंवा ‘डीएनएस’ असे शब्द असतात आणि मध्येच चौकोनी कंसात ‘नॉटफाउंड=रिटर्न’ किंवा ‘!अनअवेल=रिटर्न’ अशा अटी असतात. बहुतेक लोक या कंसांकडे दुर्लक्ष करतात, आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच असते. पहिल्या अटीचा अर्थ असा की या स्रोताने नाव सापडले नाही असे सांगितले तर पुढच्या स्रोताला विचारायचेच नाही. दुसरीचा अर्थ असा की हा स्रोत बंदच असेल तरच पुढे जायचे. तो चालू असेल तर त्याचे उत्तर, होकार असो वा नकार, अंतिम मानायचे.

‘डिग’, ‘होस्ट’ आणि ‘एनएसलुकअप’ या कमांड यांपैकी काहीच करत नाहीत. त्या ‘एनएसस्विच.कॉन्फ’ वाचत नाहीत, ‘होस्ट्स’ फाइल पाहत नाहीत, स्थानिक मल्टिकास्टला विचारत नाहीत, ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मधून नेमसर्व्हरचा पत्ता उचलून त्याला सरळ डीएनएसची क्वेरी पाठवतात. ‘डिग’ तर सांगितल्याशिवाय ‘सर्च’ यादीही वापरत नाही. त्यामुळे ‘डिग’ला उत्तर मिळते आणि ब्राउझरला मिळत नाही, यात विसंगती काही नाही, दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणी चौकशी केली आहे. डीएनएस सर्व्हर तपासायचा असेल तर ‘डिग’ उत्तम आहे. आपल्या मशीनवरील प्रोग्रामला काय उत्तर मिळेल हे तपासायचे असेल तर ‘गेटेंट एहोस्ट्स’ आणि पुढे नाव, अशी कमांड द्यावी, कारण ती ‘गेटॲड्रइन्फो’ याच वाटेने जाते. तिचीच बहीण ‘गेटेंट होस्ट्स’ जुन्या फंक्शनांच्या वाटेने आधी आयपीव्ही६ पत्ता शोधते आणि तो मिळाला तर आयपीव्ही४ दाखवतच नाही, म्हणून निदानासाठी मी ती टाळतो.

‘होस्ट्स’च्या या ओळीमुळे होणारा एक नेहमीचा अपघात ‘.लोकल’ या शेपटीचा आहे. कित्येक कार्यालयांनी फार पूर्वी आपल्या आतल्या डोमेनला हीच शेपटी दिली. पुढे २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ ने ती मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवली. ‘एमडीएनएस४_मिनिमल’ आणि त्यापुढे ‘नॉटफाउंड=रिटर्न’ अशी रचना असलेल्या मशीनवर ‘फाइलसर्व्हर.लोकल’सारख्या नावाची चौकशी स्थानिक नेटवर्कवर होते, कोणी प्रतिसाद देत नाही आणि कार्यालयाच्या नेमसर्व्हरपर्यंत प्रश्न अनेकदा पोहोचतच नाही. ‘डिग’ मात्र अर्थातच बरोबर उत्तर देते. आतले डोमेन नव्याने ठरवायचे असेल तर आपल्या मालकीच्या डोमेनखालचे उपडोमेन घ्यावे. ते शक्य नसेल तर २०२४ मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने) खासगी वापरासाठी राखून ठेवलेली ‘.इंटर्नल’ ही शेपटी घ्यावी.

‘डीएनएस’ या स्रोताची पाळी आली म्हणजे जीलिबसी ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ उघडते, आणि या फाइलविषयीचा सर्वांत हट्टी गैरसमज इथे आड येतो. तीत एकाहून अधिक नेमसर्व्हर लिहिले की पहिल्याला नाव माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारले जाईल, असे फार लोक धरून चालतात. तसे होत नाही. पहिल्या सर्व्हरने नाव अस्तित्वात नाही असे सांगितले की विषय तिथेच संपतो, कारण ते एक पूर्ण आणि वैध उत्तर आहे. दुसरा सर्व्हर फक्त पहिला गप्प राहिला किंवा त्याने बिघाड कळवला तरच उपयोगी पडतो. कार्यालयाचा एक आणि सार्वजनिक एक असे दोन पत्ते एकाखाली एक लिहून आतली-बाहेरची दोन्ही नावे सापडतील, ही अपेक्षा म्हणूनच चुकीची ठरते. त्या यादीतील सर्व सर्व्हर एकच उत्तर देणारे असले पाहिजेत, हे त्या फाइलचे न लिहिलेले गृहीतक आहे. याखेरीज जीलिबसी पहिले तीनच पत्ते वापरते. चौथा लिहिला तर तो मुकाट्याने सोडून दिला जातो.

पहिला सर्व्हर बंद पडला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. डीफॉल्ट टाइमआउट ५ सेकंदांचा आहे आणि प्रयत्न २ आहेत. कोणता सर्व्हर मेला आहे ही आठवण प्रोसेसांमध्ये सामायिक नसते, त्यामुळे प्रत्येक नवा प्रोग्राम नव्याने त्याच मेलेल्या सर्व्हरची ५ सेकंद वाट पाहतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की सगळे चालते आहे, पण सगळेच रेंगाळते आहे. ‘ऑप्शन्स’च्या ओळीत टाइमआउट १ किंवा २ सेकंदांवर आणणे हा उतारा सर्व्हरवर मी जवळजवळ नेहमी करतो.

नेमक्या ५ सेकंदांचा उशीर दुसऱ्या कारणानेही होतो, आणि तेव्हा नेमसर्व्हर ठणठणीत असतो. जीलिबसी आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्ही पत्त्यांचे प्रश्न एकाच सॉकेटवरून लागोपाठ पाठवते. काही फायरवॉल आणि राउटर पहिल्या उत्तरानंतर ती नोंद बंद करून दुसरे उत्तर टाकून देतात. कर्नलच्या कनेक्शन-ट्रॅकिंगमध्ये पत्ता बदलताना दोन पॅकेटांची शर्यत लागून त्यांपैकी एक हरवण्याचा प्रकार कुबेरनेटीस ही कंटेनर चालवणारी यंत्रणा वापरणाऱ्यांना चांगलाच परिचयाचा आहे. हरवलेल्या उत्तराची ५ सेकंद वाट पाहिली जाते आणि मग पुन्हा विचारणा होते. ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ हा पर्याय दिल्यावर उशीर नाहीसा झाला तर कारण हेच होते असे बहुधा समजावे.

‘सर्च’ आणि ‘एनडॉट्स’ यांची जोडी स्वतंत्र लक्ष देण्यासारखी आहे. ‘सर्च’मध्ये लिहिलेली डोमेने अपुऱ्या नावापुढे जोडून पाहिली जातात, आणि नावात किती टिंबे असली म्हणजे ते आधी आहे तसे विचारायचे, हे ‘एनडॉट्स’ ठरवते. डीफॉल्ट १ आहे. कुबेरनेटीस पॉडच्या (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाच्या) आत मात्र ती संख्या ५ ठेवते आणि ‘सर्च’मध्ये निदान तीन डोमेने घालते. परिणामी दोन-तीन टिंबांचे बाहेरचे पूर्ण नाव विचारले तरी आधी ते प्रत्येक डोमेनला जोडून पाहिले जाते, तेही आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींसाठी. म्हणजे कामाचा प्रश्न जाण्यापूर्वी निदान सहा निरर्थक प्रश्न क्लस्टरच्या डीएनएसवर आदळतात. नावाच्या शेवटी एक टिंब द्यावे, म्हणजे ते परिपूर्ण मानले जाते आणि ही सगळी वणवण टळते. काही प्रोग्रामांना शेवटचे टिंब खपत नाही, तेव्हा पॉडच्या वर्णनातच ‘एनडॉट्स’ कमी करावे.

हे सर्व जीलिबसीचे झाले. अल्पाइन लिनक्समधील ‘मसल’ ही लायब्ररी वेगळ्या चालीने चालते. ती ‘एनएसस्विच.कॉन्फ’ वाचत नाही आणि ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मधील सर्व नेमसर्व्हरांना एकाच वेळी विचारून जे उत्तर आधी येईल ते स्वीकारते. वर सांगितलेला आतला-बाहेरचा मिश्र यादीचा प्रयोग जीलिबसीवर निदान सातत्याने फसतो. अल्पाइनच्या कंटेनरमध्ये तो नशिबावर अवलंबून कधी चालतो, कधी फसतो, आणि अशी चूक पकडणे फारच कठीण. शिवाय उत्तर मोठे असल्यास टीसीपीवरून पुन्हा विचारण्याची सोय मसलमध्ये २०२३ च्या १.२.४ या आवृत्तीत आली. गो भाषेतील प्रोग्रामांचा स्वतःचा रिझॉल्व्हर असतो. परिस्थिती पाहून ते कधी तो वापरतात, कधी सी लायब्ररीकडे जातात. जावा आपल्या प्रोसेसमध्ये उत्तरांचा वेगळा कॅशे (तात्पुरता साठा) ठेवते. फायरफॉक्स एचटीटीपीएसवरून डीएनएस वापरत असेल तर मशीनवरील नेमसर्व्हरला सामान्यतः विचारतही नाही. एकाच मशीनवर एकाच नावाची तीन उत्तरे मिळणे म्हणूनच शक्य आहे, आणि तिन्ही प्रोग्राम आपापल्या नियमांनुसार बरोबर असतात.

आता पुसल्या जाणाऱ्या ओळीकडे येऊ. आजच्या लिनक्सवर ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही बहुधा कोणाची तरी निर्गत असते, म्हणजे एखाद्या प्रोग्रामने आपला निर्णय इतरांना कळवण्यासाठी लिहिलेली फाइल. तीत हाताने केलेला बदल तो प्रोग्राम पुढच्या वेळी लिहीपर्यंतच टिकतो. लिहिणारे उमेदवार अनेक आहेत: डीएचसीपी क्लायंट, नेटवर्कमॅनेजर, डेबियनची ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ किंवा तिचा पर्याय ‘ओपनरिझॉल्व्ह’, ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’, क्लाउडवरील मशीनांत ‘क्लाउड-इनिट’, शिवाय प्रत्येक व्हीपीएनची आपापली स्क्रिप्ट. मालक ओळखण्यासाठी ‘एलएस -एल’ देऊन ती साधी फाइल आहे की सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद), आणि सिमलिंक असल्यास ती कुठे जाते, एवढे पाहावे. बहुतेक वेळा उत्तर त्याच एका ओळीत मिळते. नसल्यास फाइलच्या डोक्यावरची टिप्पणी वाचावी, लिहिणारा बहुधा आपले नाव तिथे सोडून जातो. मालक कळला की बदल त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये करायचा.

‘चॅटर’ कमांडने फाइल अपरिवर्तनीय करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. त्याने लिहिणारा थांबत नाही. त्याचे लिहिणे फक्त अयशस्वी होते, आणि तो नेटवर्कची पुढची पावले अर्धवट सोडतो की निमूटपणे पुढे जातो, हे प्रत्येक प्रोग्रामच्या मर्जीवर राहते. सहा महिन्यांनी नेमसर्व्हरचा पत्ता बदलल्यावर रूट वापरकर्त्यालाही ती फाइल का लिहिता येत नाही, याचा शोध दुसराच कोणी तरी घेत बसतो. नेटवर्कमॅनेजरला ‘डीएनएस=नन’ असे सांगितले तर तो स्वतःहून त्या फाइलपासून दूर राहतो. हे सरळ आहे, आणि नंतर येणाऱ्या माणसाला वाचून कळणारे आहे.

साखळीच्या मधोमध बसणारी स्थानिक सेवा म्हणून सुरुवातीला जिचा उल्लेख केला ती बहुधा ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ असते; उबुंटूने २०१८ मधील १८.०४ आवृत्ती येईपर्यंत आणि फेडोराने २०२० मधील ३३ व्या आवृत्तीत ते डीफॉल्ट केले. डेबियनमध्ये ते स्वतंत्र पॅकेज म्हणून घ्यावे लागते. त्यावर पुष्कळ राग काढला जातो आणि त्यातला काही रास्तही आहे, पण ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये जी इंटरफेसची कल्पना नव्हती ती या सेवेने आणली, हे मान्य करावे लागते. ती १२७.०.०.५३ या पत्त्यावर ऐकते, ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये फक्त तोच पत्ता दिसतो, आणि खरे नेमसर्व्हर प्रत्येक इंटरफेसनिहाय तिच्या पोटात असतात. ते पाहण्यासाठी ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही कमांड आहे. एखादे नाव कोणत्या इंटरफेसवरून सापडले हे ‘रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी’ सांगते, आणि वादाच्या प्रसंगी हीच माहिती सर्वांत मोलाची ठरते.

‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही सिमलिंक ‘/रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह’ या डिरेक्टरीतील ‘स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ’कडे असेल तर सर्व प्रश्न या सेवेकडे जातात. त्याच डिरेक्टरीतील नुसत्या ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’कडे असेल तर तीत खरे नेमसर्व्हर लिहिलेले असतात आणि ती वाचणारे प्रोग्राम या सेवेला वगळून थेट तिकडे जातात. आणि ती सिमलिंक नसून कोणी लिहिलेली साधी फाइल असेल तर भूमिका उलटतात: सेवा ती फाइल लिहीत नाही, उलट तीच वाचून आपले नेमसर्व्हर ठरवते. हे तीन प्रकार माहीत नसल्यामुळे लोक सिमलिंक काढून साधी फाइल ठेवतात, सेवा चालूच ठेवतात, ‘एनएसस्विच.कॉन्फ’मध्ये ‘रिझॉल्व्ह’ तसेच असते, आणि मग आपण सेवा बंद केली आहे अशा समजुतीत तिचेच उत्तर पाहत बसतात.

या सेवेचे दोन स्वभाव आधीच माहीत असलेले बरे. जुन्या सवयीप्रमाणे पहिला नेमसर्व्हर मुख्य आणि दुसरा राखीव असे ती मानत नाही. एक सर्व्हर चालतो आहे तोवर त्यालाच धरून राहते, तो अडखळला की पुढच्याकडे जाते आणि तिथेच थांबते. दुसरे असे की एकाच शब्दाचे, टिंब नसलेले नाव ‘सर्च’ डोमेन नसल्यास ती डीएनएसला विचारतच नाही. केवळ ‘प्रिंटर’ एवढ्या नावाने चालणारी जुनी व्यवस्था त्यामुळे अपग्रेडनंतर एकाएकी बंद पडल्यासारखी वाटते. ‘रिझॉल्व्हयुनिकास्टसिंगललेबल’ हा पर्याय त्यासाठी आहे, पण ‘सर्च’ डोमेन नीट देणे हा अधिक चांगला मार्ग.

व्हीपीएनचा तिढा याच सेवेच्या ‘राउटिंग डोमेन’ या सोयीने सुटतो. डोमेनच्या आधी ‘~’ हे चिन्ह लावले की ते नावापुढे जोडण्यासाठी वापरले जात नाही. त्या डोमेनखालची नावे याच इंटरफेसच्या नेमसर्व्हरला विचारावीत, एवढाच त्याचा अर्थ उरतो. म्हणजे व्हीपीएनच्या इंटरफेसवर ‘~ऑफिस.इंटर्नल’ असे दिले की आतली नावे कार्यालयाच्या सर्व्हरकडे जातील आणि बाकी सगळी नेहमीच्या वाटेने. नुसते ‘~.’ दिले तर अधिक नेमका दावा नसलेली सर्वच नावे त्या इंटरफेसकडे जातात. असा कोणताच दावा नसेल तर सेवा डीफॉल्ट म्हणून चालणाऱ्या सर्व इंटरफेसांना एकाच वेळी विचारते आणि पहिले यशस्वी उत्तर घेते. नाव सापडण्याच्या दृष्टीने ते सोयीचे, पण कार्यालयातील मशीनांची नावे त्या क्षणी ज्याच्या वायफायवर आपण बसलो आहोत त्याच्या नेमसर्व्हरलाही कळतात. गोपनीयता महत्त्वाची असेल तर राउटिंग डोमेन देणे ऐच्छिक मानू नये.

नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर हे त्याच्याच कॉन्फिगरेशनमध्ये लिहायचे: ‘एनएमसीएलआय’ने त्या जोडणीच्या ‘आयपीव्ही४.डीएनएस-सर्च’मध्ये ‘~’सह डोमेन द्यावे. सर्व नावे व्हीपीएनवरूनच जायला हवी असतील तर ‘आयपीव्ही४.डीएनएस-प्रायॉरिटी’ ऋण करावी. ऋण प्राधान्याची जोडणी तिच्याहून मोठ्या आकड्याच्या जोडण्यांचे नेमसर्व्हर पूर्णपणे बाजूला सारते. ‘व्हीपीएन जोडल्यावर बाहेरची नावे हरवतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा हाच ऋण आकडा आणि बाहेरची नावे न सोडवणारा आतला सर्व्हर, असे दोघे मिळून असतात. ‘डब्ल्यूजी-क्विक’ने वायरगार्ड चालवणाऱ्यांना वेगळी अडचण येते: कॉन्फिगरेशनमध्ये ‘डीएनएस’ची ओळ असली की ते ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ ही कमांड बोलावते आणि ती मशीनवर नसली तर जोडणीच सोडून देते. ‘ओपनरिझॉल्व्ह’ बसवावे किंवा ‘रिझॉल्व्हसीटीएल’ त्या नावाने उपलब्ध करून देणारे डिस्ट्रिब्युशनचे पॅकेज असेल तर ते घ्यावे; दोन्ही एकत्र नकोत. ज्यांना सिस्टमडीची सेवा नको आहे त्यांनी नेटवर्कमॅनेजरला ‘डीएनएसमास्क’ वापरायला सांगावे. अमुक डोमेन अमुक सर्व्हरला, हे त्यातही एका ओळीत लिहिता येते.

एका जागी उभ्या, एकाच नेटवर्कवरच्या सर्व्हरवर मात्र यातले बरेचसे अनावश्यक असते. तिथे मी रिझॉल्व्हड बंद करतो, सिमलिंक काढून साधी फाइल लिहितो, डीएचसीपी क्लायंट किंवा नेटवर्कमॅनेजरला तिला हात न लावण्यास सांगतो आणि ‘एनएसस्विच.कॉन्फ’मध्ये ‘फाइल्स’ व ‘डीएनएस’ एवढेच ठेवतो. कॅशेची गरज असेल तर ‘अनबाउंड’ हा स्थानिक डीएनएस सर्व्हर. फाइल लिहिल्यावर तिच्या परवानग्या तपासाव्यात. कडक ‘यूमास्क’ (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारी सेटिंग) असलेल्या सत्रातून लिहिलेली फाइल फक्त रूटला वाचता येते; मग रूटला सर्व नावे सापडतात आणि बाकी सेवांना एकही नाही, कारण फाइल न उघडल्यास जीलिबसी १२७.०.०.१ लाच नेमसर्व्हर धरते.

कंटेनरांबाबत एवढे लक्षात ठेवावे की १२७ ने सुरू होणारा पत्ता ज्याच्या त्याच्या नेटवर्कपुरता असतो. मशीनवरचा १२७.०.०.५३ कंटेनरच्या आत निरुपयोगी आहे, म्हणून डॉकर तो पत्ता आत उतरवत नाही. आपण तयार केलेल्या नेटवर्कवर तो १२७.०.०.११ हा स्वतःचा सर्व्हर पुढे करतो. कुबेरनेटीसच्या नोडवर (क्लस्टरमधील मशीनवर) १२७.०.०.५३ हा पत्ता कोअरडीएनएसपर्यंत, म्हणजे क्लस्टरच्या डीएनएस सर्व्हरपर्यंत, पोहोचला तर ते स्वतःलाच प्रश्न विचारत राहते, आणि ही साखळी ओळखणारे प्लगिन त्याला बंद पाडते. क्यूबलेटला (नोडवर पॉड चालवणाऱ्या प्रोग्रामला) खऱ्या नेमसर्व्हरांची, म्हणजे ‘/रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह’मधील नुसती ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल दाखवणे हा त्यावरचा उपाय आहे.

कॅशे साफ करा, हा सल्लाही सवयीने दिला जातो. जीलिबसी स्वतः कॅशे ठेवतच नाही, त्यामुळे रिझॉल्व्हड, ‘एनएससीडी’ किंवा डीएनएसमास्क चालू नसेल तर मशीनवर साफ करण्यासारखे काही नसते. बदल दिसत नसेल तर संशय ब्राउझरवर, जावावर किंवा पलीकडच्या नेमसर्व्हरवर घ्यावा. फार दिवस चालू असलेल्या जुन्या सेवांचे कारण निराळे असते: २०१७ च्या २.२६ या आवृत्तीपूर्वी जीलिबसी ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ एकदाच वाचत असे आणि नंतरचे बदल त्या प्रोसेसला कळतच नसत. अशा मशीनवर सेवा रीस्टार्ट करण्याला पर्याय नाही.

तुमच्या मशीनवर आता क्रमाने असे पाहावे. आधी ‘गेटेंट एहोस्ट्स’ने अडलेले नाव विचारा. उत्तर मिळाले आणि फक्त ब्राउझर नाही म्हणत असेल तर ब्राउझरमधील एचटीटीपीएसवरचे डीएनएस तपासा. उत्तर मिळाले नाही तर ‘एनएसस्विच.कॉन्फ’मधील ‘होस्ट्स’ची ओळ कंसांसकट वाचा, तुमच्या वर्णनावरून, म्हणजे ‘डिग’ यशस्वी आणि ‘एसएसएच’ अयशस्वी, दोष तिथेच असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते, विशेषतः नावाची शेपटी ‘.लोकल’ असेल किंवा ‘रिझॉल्व्ह’पुढे ‘!अनअवेल=रिटर्न’ असून रिझॉल्व्हडच्या पोटातील नेमसर्व्हर फाइलमधल्यांहून वेगळे असतील. तिथेही काही न आढळल्यास ‘एसट्रेस’ने ‘गेटेंट’ कोणत्या फाइली उघडते आणि कोणत्या पत्त्याशी बोलते ते पाहा, आणि दुसऱ्या टर्मिनलवर ‘टीसीपीडंप’ने पोर्ट ५३ वर नजर ठेवा, इंटरफेस ‘एनी’ द्या, नाहीतर १२७.०.०.५३ कडे जाणारी वाहतूक दिसणार नाही. पॅकेट बाहेर पडतच नसेल तर दोष तुमच्या मशीनच्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे. ते बाहेर पडून उत्तर येत नसेल, किंवा उत्तर येऊन तेच नकारार्थी असेल, तर या मशीनवरची कोणतीही फाइल बदलू नका आणि ज्या नेमसर्व्हरला प्रश्न गेला त्याच्या व्यवस्थापकाला पॅकेटची ती नोंद पाठवा.